टकटकने पास केलेली गाडी

गॅरेजात त्याला सगळे टकटक म्हणत. हातोडीमुळे हे नाव पडलं. वीतभर दांड्याची, नायलॉनच्या डोक्याची हातोडी घेऊन तो गाडीखालच्या खड्ड्यात उतरायचा आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पत्रा वाजवत जायचा. चांगला पत्रा टण्‌कन उत्तर देतो. गंजलेला भद्द वाजतो. आणि गंजावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून काळा रंग फासला असेल, तर पत्रा मिठाची गुळणी धरून बसतो. टकटकला या तिसऱ्या प्रकाराचीच चीड. तो म्हणायचा, "गंज परवडला बाबा, तो निदान बोलतो तरी."

एकोणीस वर्षं तो हेच करत होता. कुणाला आपली वापरलेली गाडी परस्पर दुसऱ्याला विकायची असेल, तर ती रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे असा दाखला लागतो. तोही दोन महिन्यांच्या आतला. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे, काचा, सीटचे पट्टे, खालचा पत्रा, सगळं बघून परवानाधारक तपासनीस फॉर्मवर सही-शिक्का करणार, तेव्हा कुठे गाडी नव्या मालकाच्या नावावर चढणार. टकटकचा शिक्का म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लोक दुसऱ्या गॅरेजात जाऊन पास करून घेत, पण गाडी विकत घेताना मात्र विचारत, "दाखला टकटकचा आहे ना?"

गॅरेजच्या मालकीणबाई नवऱ्यामागे सगळा कारभार एकहाती ओढत होत्या. त्या गिऱ्हाइकांना सांगत, "आमचा माणूस सख्ख्या बापाची गाडीसुद्धा नापास करेल."

बाप नव्हता. आईही नव्हती. तो नऊ वर्षांचा असताना दोघंही एका वर्षात गेले, आणि त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी असलेली ताई, लग्नाला सहा महिने झालेले नसताना, धाकट्या भावाला घेऊन नवऱ्याच्या घरी आली. दाजी तेव्हा छापखान्यात होते. त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही की हा किती दिवस राहणार. वरची खोली रिकामी करून दिली. शाळेत घातलं, शाळा जमेना तेव्हा ओळख काढून गॅरेजात लावलं. गाडी चालवायला शिकवली तीही त्यांनीच. टकटक आज सेहेचाळीस वर्षांचा, पण अजून त्याच वरच्या खोलीत. लग्नाचं दोनदा जुळत आलं, दोनदा फिसकटलं, मग कुणी विषय काढला नाही. खोलीचा जिना उतरतो तो थेट ताईच्या स्वयंपाकघरात. बाहेर जायला दुसरी वाट नाही. इतक्या वर्षांत त्याला ती कधी लागलीही नव्हती.

दाजींची गाडी बावीस वर्षांची. दर रविवारी ते ती धूत, पुसत, बॉनेट उघडून आत डोकं घालून बसत. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत गेला. मधलं दिसेना, कडेचं तेवढं दिसे. समोरच्या माणसाशी बोलताना ते मान तिरकी करून त्याच्या कानाकडे बघत. डॉक्टरांनी गाडी बंद केली. आठवडाभर दाजी कुणाशी धड बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी जेवताना म्हणाले, "विकून टाकू. उभी राहून सडण्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पडेल. दाखल्याचं तेवढं तू बघ."

मंगळवारी सकाळी टकटकनेच गाडी चालवत गॅरेजात आणली. शेजारी दाजी, इस्त्रीचा शर्ट घालून, कुणाच्या तरी सत्काराला निघाल्यासारखे. नातेवाइकाची गाडी तपासू नये असा नियम नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दिवे झाले, काचा झाल्या, ब्रेक जरा डावीकडे ओढत होता पण मर्यादेत होता. टकटक हातोडी घेऊन खड्ड्यात उतरला. टण्, टण्, टण्. मागच्या सीटखाली आला आणि हातोडी मुकी झाली.

त्यानं पुन्हा वाजवलं. आवाज नाही. बॅटरीचा झोत टाकला. वहीच्या पानाएवढा नवा पत्रा रिबिटांनी ठोकलेला, कडांना लांबी भरलेली, वर डांबरी रंग. काम इतकं नीटनेटकं होतं की एखाद्याला कौतुक वाटावं. पत्र्याच्या मधोमध मागच्या सीटच्या पट्ट्याचा बोल्ट. त्यानं बोल्टाला बोटानं जोर दिला. बोल्ट हलला. केसभरच, पण हलला. म्हणजे वरचा मूळ पत्रा गेलेला होता आणि पट्टा नुसत्या लांबीवर टांगलेला होता. गाडी कुठे जोरात आदळली, की मागे बसलेला माणूस पट्ट्यासकट पुढे येणार.

तेवढ्यात वरून दाजींचा आवाज आला. ते मालकीणबाईंशी बोलत होते.

"मागचा खालचा पत्रा मी स्वतः बसवलाय, गेल्या वर्षी. दिसत नव्हतं म्हणून हातानं चाचपून चाचपून रिबिटा मारल्या. चार दिवस लागले. डोळे गेले हो बाई, पण हात अजून शाबूत आहेत."

"वा!" मालकीणबाई म्हणाल्या. "आमच्या माणसांना शिकवा जरा."

दाजी हसले. पुष्कळ महिन्यांनी हसले.

खड्ड्यात टकटकनं फॉर्म बॅटरीच्या झोतात धरला. फॉर्मवर अकरावा रकाना होता, 'सीटचे पट्टे व त्यांचे बोल्ट'. पुढे दोन चौकटी, ठीक आणि नापास. नापासवर खूण करायची तर कारण लिहावं लागतं, आणि ते कारण मालकाला वाचून दाखवावं लागतं. वाचून दाखवायचं, कारण मालकाला दिसत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी त्याची गत झाली. किती वेळ गेला कोण जाणे. वरून दाजींनी हाक मारली, "काय रे, झोपलास की काय खाली?"

त्याच्या मनात एक पळवाट आली. आज सही करून टाकू. रविवारी दाजींना ताईबरोबर तिच्या मैत्रिणीकडे पाठवू, गाडी गुपचूप गॅरेजात आणू, पत्रा कापून नवा वेल्ड करू, वर तसाच काळा रंग. कुणाला कळायचं नाही, कुणाचं मन दुखायचं नाही. दोन महिन्यांची मुदत आहे. गिऱ्हाईक काय उद्याच येणार आहे?

त्यानं 'ठीक'वर खूण केली. सही केली. शिक्का मारला.

गिऱ्हाईक शनिवारी आलं.

टकटक कामावर होता. संध्याकाळी फाटक उघडलं तर अंगण मोकळं. फरशीवर तेलाचा एक डाग आणि चार चाकांचे ठसे. ताई दारातच उभी, आनंदानं फुललेली. "गेली रे गाडी! आणि किती चांगली माणसं! औषधांच्या दुकानात काम करतात त्या बाई, चौकातल्या. त्यांच्या आईचे गुडघे वाकत नाहीत, पुढच्या सीटवर बसता येत नाही. मागे पाय लांब करून बसायला हवी म्हणून हीच घेतली. म्हातारी लगेच बसूनसुद्धा बघून आली. दाखल्यावर तुझी सही बघितली आणि म्हणाल्या, आता काही विचारायचंच नाही."

टकटक आत जाऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला.

"काय रे, बरं नाही वाटत?"

"नाही. दमलोय."

पुढचे तीन आठवडे त्यानं कसे काढले, ते त्यालाच ठाऊक. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला? गाडी घेतलेल्या बाईंना सांगावं तर दाजींचं नाक कापलं जाणार. दाजींना सांगावं तर त्यांच्या हातांवरचा उरलासुरला भरवसा आपण काढून घेणार. मालकीणबाईंना सांगावं तर गॅरेजचा परवाना. गप्प बसावं तर ती म्हातारी. रस्त्यात कुठे ब्रेक करकचला की तो वळून बघे, तीच गाडी तर नाही ना. गॅरेजात तो आता दोन-दोनदा पत्रा वाजवू लागला, चांगल्या गाड्याही नापास करू लागला. मालकीणबाई वैतागल्या. "अरे, तुला काय भूतबाधा झाली? त्या गाडीचा वायपर करकरतो म्हणून नापास?"

एका बुधवारी दुपारच्या सुट्टीत त्याला राहवेना. औषधांच्या दुकानामागे वाहनतळ होता. गाडी तिथे उभी होती. आत कुणी दिसलं नाही. त्यानं आजूबाजूला बघितलं, खिशातली बॅटरी काढली आणि उताणा होऊन सरपटत गाडीखाली शिरला. लांबीला भेग गेली होती. बोल्टाभोवती गंजाचं तांबडं पाणी ओघळून वाळलं होतं. त्यानं हात लावला, तर लांबीचा कपचा तुटून त्याच्या गालावर पडला.

"कोण आहे रे खाली?"

दोन पाय. काळ्या सपाता, पांढऱ्या कोटाची कड. टकटक हलला तर डोकं सायलेन्सरवर आपटलं.

"बाहेर ये! नाहीतर आरडाओरडा करते!"

"बाई, मी... मी गॅरेजवाला. दाखला दिलेला तपासनीस."

"मग गाडीखाली काय करताय?"

पलीकडच्या बाजूला भिंत होती. बाहेर निघायचं तर त्यांच्या पायांवरूनच निघावं लागणार होतं, आणि त्या जागच्या हलायला तयार नव्हत्या. मग तो तिथूनच, पाठीखाली तापलेलं डांबर आणि नाकासमोर गंजलेला पत्रा, असा बोलू लागला. सगळं बोलला. हातोडी, रिबिटा, लांबी, अकरावा रकाना. "तुमच्या आईंना मागे बसवू नका. मी गाडी आत्ता नेतो, नवा पत्रा टाकून देतो. फुकट. तुम्हाला एक छदाम पडणार नाही."

मग बाई म्हणाल्या, "असं होय. आता आलं लक्षात."

"काय?"

"आधी पास करायचं, मग मागाहून येऊन घाबरवायचं, मग एक फुकट करायचं आणि चार कामं गळ्यात मारायची. माझ्या बहिणीला असंच फसवलं होतं एका गॅरेजवाल्यानं. आणि आता खाली शिरून तुम्हीच काही सैल केलं नाहीत कशावरून?"

"बाई, मी स्वतः खोटी सही केली हो!"

"तेव्हा खोटं बोललात, तर आज खरं बोलताय हे मी कशावरून धरू?" त्यांनी काचेवर चिकटवलेल्या दाखल्यावर बोट आपटलं. "हा सरकारी कागद आहे. यावर लिहिलंय, ठीक. खाली शिक्का. मला कागद कळतो."

मागची काच अर्धी खाली आली. म्हातारी आतच होती, सीटवर पाय पसरून, पट्टा लावून. सीटच्या पाठीमागे दिसली नव्हती. ती म्हणाली, "अगं, विकायला येणारा माणूस असा घामेघूम होऊन येत नाही. ऐक तरी त्याचं."

"आई, तू गप्प बस. सहा महिने शोधून गाडी मिळालीय. ही उभी राहिली तर तुला व्यायामाला दवाखान्यात न्यायचं कसं? खांद्यावरून?"

त्या गाडीत बसल्या. टकटक घाईघाईनं बाहेर सरपटला. उठून उभा राहीपर्यंत गाडी वळणावर पोचली होती.

त्या दिवशी तो गॅरेजात परतलाच नाही. सरळ वाहतूक कार्यालयात गेला. खिडकीपलीकडच्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "तक्रार कुणाची?"

"माझी."

"कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

कारकुनानं मान वर केली. "थट्टा करायला दुसरी जागा नाही मिळाली?"

"मी तपासनीस आहे. मी चुकीचा दाखला दिला. तो रद्द करायचाय."

"तक्रार गाडीच्या मालकानं करायची असते. तुम्ही मालक?"

"नाही. मालक तक्रार करत नाहीत. त्यांचा दाखल्यावर विश्वास आहे."

"मग अडचण काय? ज्यानं विश्वास ठेवायचा तो ठेवतोय." कारकुनानं फॉर्म चाळले. मालकाचा होता, विकणाऱ्याचा होता, अपघातानंतरचाही होता. स्वतःच्या सहीवर स्वतःच हरकत घेणाऱ्याचा नव्हता. शेवटी टकटकनं एक कोरा कागद मागितला आणि उभ्यानंच, खिडकीच्या कठड्यावर टेकून लिहिलं. अकरावा रकाना, तारीख, शिक्क्याचा क्रमांक. 'मला दोष दिसला होता. दिसूनही मी पास केलं.' कारकुनानं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि आत साहेबांकडे घेऊन गेला.

कार्यालयानं दुसऱ्याच दिवशी गाडी परत बोलावली. तपासणी दुसऱ्या गॅरेजातल्या माणसानं केली. त्यानं पट्टा दोन्ही हातांनी धरून हिसडा दिला, तर बोल्ट बशीएवढ्या पत्र्यासकट उपटून वर आला. औषधांच्या दुकानातल्या बाई तिथेच उभ्या होत्या. त्या खाली बसल्या म्हणे, आणि बराच वेळ त्या भोकातून दिसणाऱ्या जमिनीकडे बघत राहिल्या. विक्री रद्द झाली. गाडी दाजींच्या अंगणात परत आली, ओढगाडीवर चढून.

टकटकचा शिक्का गेला. कायमचा. मालकीणबाईंनी गॅरेजचा परवाना कसाबसा वाचवला. त्या ओरडल्या नाहीत, हेच वाईट. म्हणाल्या, "आधी मला सांगितलं असतंस तर आपण दोघांनी मिळून निस्तरलं असतं." त्याला टायर बदलायला ठेवलं.

घरी त्यानं सगळं सांगितलं तेव्हा दाजी आरामखुर्चीत होते. ताई ओट्याला टेकून उभी. दाजींनी मान तिरकी केली, त्याच्या कानाकडे बघितलं.

"तू खड्ड्यात होतास, तेव्हाच तुला कळलं होतं?"

"हो."

"आणि मी वर उभा राहून त्या बाईंना माझ्या हातांचं कौतुक सांगत होतो."

दाजींनी एका हाताची बोटं दुसऱ्या हातानं चाचपली.

"लोकांच्या गाड्या तू त्यांच्या तोंडावर नापास करतोस. हमरीतुमरीवर आलेल्यांच्याही करतोस. मला मात्र वाचवलंस. का रे? आंधळा झालो म्हणून?"

"तसं नाही, दाजी."

"तसंच आहे. त्या म्हातारीचा जीव माझ्या रिबिटांनी गेला असता. मला कळलंही नसतं कशानं गेला. मी आयुष्यभर लोकांना सांगत बसलो असतो, माझे हात शाबूत आहेत."

ते उठून आत गेले. ताई भावाला काही बोलली नाही. नवऱ्यालाही नाही. तिला दोघांपैकी कुणाची बाजू घेता येत नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तिच्याच वाट्याला आला. रोज रात्रीचं ताट ती वाढून जिन्याच्या तळाशी झाकून ठेवू लागली. टकटकनं दोनदा ठरवलं, दुसरीकडे खोली बघू. एक बघूनही आला. पण आता गेला असता तर रुसून गेला असं झालं असतं, आणि दाजींना दवाखान्यात न्यायला, पत्रं वाचायला हाताशी दुसरं कुणी नव्हतं. ताईला वाचायचा कंटाळा, आणि दाजींना सांभाळून बसमधून नेणं तिला एकटीला जमेना. राहायचं तर रोज सकाळी स्वयंपाकघरातून, दाजींच्या खुर्चीसमोरून, खाली मान घालून जायचं. 'येतो' म्हणायचं. उत्तर यायचं नाही.

गाडीचंही तसंच झालं. दाखल्याशिवाय विकता येत नाही. दाखला हवा तर मागचा अर्धा तळ नवा टाकावा लागेल, आणि एवढा खर्च करण्याइतकी गाडीची किंमत उरलेली नाही. भंगारवाल्याला द्यायची तर मालकाची सही हवी, आणि दाजी सही करेनात. फाटकाच्या तोंडाशीच ती उभी. बाहेर पडायचं तर पोट आत घेऊन, भिंत आणि आरसा यांच्यामधून आडवं सरकावं लागे.

असे अडीच महिने गेले. एका रविवारी सकाळी टकटक तसाच सरकत निघाला होता, तर गाडीत दाजी बसलेले. चालकाच्या जागेवर, हात स्टिअरिंगवर. त्यांनी आरशाच्या कडेनं त्याला टिपलं असावं.

"बस," ते म्हणाले.

तो शेजारी बसला. दार लावलं. काचा बंद होत्या, आत जुन्या सीटचा आणि गंजाचा वास कोंडलेला.

"पत्र्याचं कळलं मला," दाजी म्हणाले. "आणखी काय काय गेलंय हिचं? तू त्या दिवशी सगळं बघितलं होतंस. सांग. एक एक."

"दाजी, जाऊ दे ना आता."

"सांग म्हटलं ना."

"ब्रेक डावीकडे ओढतो."

"ते मला माहीत होतं. पुढे?"

"स्टिअरिंगच्या सांध्यात खेळ आहे, सैल झालाय. उजव्या बाजूच्या."

"किती?"

"बोटभर नाही. अर्धं बोट."

दाजींनी चाक डावी-उजवीकडे हलवून बघितलं, हळूच, कान लावून. मान डोलावली. "आहे. पुढे?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताई बघत होती.

"समोरच्या काचेला खाली कोपऱ्यात तडा आहे. तुमच्या बाजूला."

"असेल. मला दिसत नाही." दाजींनी हात पुढे करून काचेवर बोटं फिरवली, तडा सापडेपर्यंत. सापडला तिथे अंगठा दाबून धरला. "पुढे?"

टकटक सांगत राहिला.